सुन्न हाताचं दुखणं

शाहूपुरीतल्या आमच्या क्लिनिकचा पत्ता सांगताना डॉक्टरांचं नाव घेतलं तर रिक्षावाला विचारात पडायचा. 'ते शॉक देतात बघा' म्हटलं की लगेच म्हणायचा, "मग असं सांगा की! बसा."

ते शॉक द्यायची मी. नोकरीच्या कागदावर 'टेक्निशियन' असं लिहिलेलं असायचं, पण गावानं माझं नाव 'शॉकवाल्या बाई' असं ठेवलं होतं. मंडईत भाजी घेताना कुणीतरी मागून हाक मारायचं, "बाई, वळखलं काय? मला तुमी करंट दिलता की!" आणि शेजारचं गिऱ्हाईक दचकून एक पाऊल मागं सरायचं. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. अजूनही बँकेच्या रांगेत कुणाचा हात थरथरताना दिसला की माझी नजर आधी त्याच्या अंगठ्याखालच्या मांसाकडे जाते. खोड जात नाही.

आमचं काम असं. माणसाच्या अंगात ज्याला आपण शीर किंवा नस म्हणतो, ती म्हणजे बारीक धाग्यांची जुडी. त्यातले काही धागे वरून खाली हुकूम नेतात, म्हणजे बोट हलव, मूठ वळ. बाकीचे खालून वर खबर नेतात, म्हणजे गरम आहे, टोचलं, वाळूवर पाय पडला. मी मनगटापाशी किंवा कोपरापाशी अगदी थोडी वीज द्यायची आणि ती दुसऱ्या टोकाला कधी पोचली, किती पोचली, हे पडद्यावर बघायचं. धागे ठीक असले की पडद्यावर एक छोटा उंचवटा उमटतो. धागे मेलेले असले की रेघ सपाट. एवढ्यावर डॉक्टर पुढचं ठरवायचे.

वीज थोडी असली तरी माणूस घाबरतोच. एक आजोबा पहिल्याच झटक्याला उठून बसले आणि म्हणाले, "बाई, मीटर कुणाच्या नावावर हाय? तुमच्याच न्हवं?" कानडी सीमेकडच्या एक आजी प्रत्येक झटक्याला "अव्वा गं!" म्हणायच्या आणि नंतर माझीच समजूत काढायच्या, "तू कर गं बाळ, तुजं काम हाय ते."

आता थोडं शाळेतल्यासारखं सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. पाठीच्या कण्याच्या आत मज्जारज्जू असतो. दर दोन मणक्यांच्या मधून, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशी नस बाहेर पडते. मज्जारज्जूला जोडताना या नसेची दोन मुळं होतात. पुढच्या मुळातून हुकूम बाहेर जातात, मागच्या मुळातून खबर आत येते. आणि या मागच्या मुळावर, मज्जारज्जूच्या जरा बाहेर, तुरीच्या दाण्याएवढी एक गाठ असते. खबर नेणाऱ्या सगळ्या धाग्यांच्या पेशी त्या गाठीत राहतात. प्रत्येक पेशीचा एक धागा बाहेर कातडीपर्यंत जातो, दुसरा आत मज्जारज्जूत शिरतो. तुम्ही चहाच्या गरम कपाला बोट लावलं की ती खबर बोटातून निघून मनगट, कोपर, खांदा करत मानेपाशी येते, गाठीजवळून मागच्या मुळात शिरते, तिथून मज्जारज्जूत, आणि मग वर मेंदूत.

ही मुळं आपापला इलाका सांभाळून असतात. छातीपोटावर तर पट्टे आखल्यासारखे असतात. हे मला पुस्तकापेक्षा एका गुळाच्या व्यापाऱ्यामुळे पक्कं कळलं.

हे गृहस्थ आले ते खुर्चीवर बसायलाच तयार नाहीत. ताठ उभे. अंगात सदरा नाही, नुसतं धोतर आणि वरून उपरणं. पाठीपासून पोटापर्यंत उजव्या बाजूनं नागीण उठलेली. फोड सुकत आले होते, आग मात्र जाळत होती. सोबतच्या मुलाच्या हातात दोरा. मला वाटलं बांधायचा असेल. तर तो मोजायला होता.

"सकाळ-संध्याकाळ मोजतोय," मुलगा हळूच म्हणाला. "डोकं आन् शेपूट जुळाय किती ऱ्हायलं त्ये."

"जुळलं की काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माणूस ऱ्हात न्हाई," व्यापारी म्हणाले. शांतपणे म्हणाले. गेले कित्येक दिवस ते कुशीवर वळले नव्हते, जोरात हसले नव्हते. हललं तर नागीण पुढं सरकेल म्हणून.

सरांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी पेनानं बेंबीतून वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. म्हणाले, "हा जंतू तुमच्या लहानपणीच्या कांजिण्यांचा. तेव्हापासून तो पाठीपाशी एका नसेच्या गाठीत झोपून होता. आता जागा झाला आणि त्या एकाच नसेच्या पट्ट्यातून बाहेर आला. ही उजवी नस आहे. तिची हद्द या रेघेपाशी संपते. पलीकडे डाव्या नसेचा इलाका. ही कंबरेभोवती फिरून परत पाठीला मिळेल कशी?"

व्यापारी बराच वेळ पोटावरच्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मधी बांध हाय?"

"बांध आहे."

ते खुर्चीवर बसले. टेकून बसले. मुलानं दोरा खिशात घातला. आग जायला पुढं बरेच महिने लागले, पण त्या दिवसापासून गृहस्थ झोपायला लागले. पुढं म्हणे बाजारात कुणाला नागीण झाली की हे सदरा वर करून स्वतःच्या पोटावर बोटानं बांध दाखवायचे.

हे हसून सांगण्यासारखं. आता जे सांगायचं ते तसं नाही.

शालन आमच्याकडे आली तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर असेल. कागलच्या पुढच्या एका गावातली. ती आणि तिचा नवरा तानाजी, दोघं मिळून म्हशी सांभाळायचे. दीड वर्षापूर्वी दोघं मोटारसायकलवरून दूध घालायला चालले होते. तानाजी चालवत होता, शालन मागं, बाजूला दुधाचा कॅन. कुत्रं आडवं आलं. तानाजी गाडीबरोबर घसरला, त्याला खरचटलं तेवढंच. शालन उडाली आणि डाव्या खांद्यावर आपटली. मान एकीकडं, खांदा दुसरीकडं. हाड एकही मोडलं नाही. पण त्या क्षणापासून डावा हात खांद्यापासून लुळा आणि सुन्न.

हाड मोडलं नाही म्हणून सगळ्यांना वाटलं, सुटलो. हात काय, येईल हळूहळू. मग तेल झालं, शेक झाला, कुणीतरी सांगितलेला लेप झाला, हात ओढून बसवणारा एक माणूस झाला. शेवटी दोघं एका सर्जनकडे गेले आणि शालननं त्यांना सांगितलं, हात कापून टाका. सर्जन भला माणूस. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. "काढायच्या आधी एकदा नसा तपासून या," म्हणून आमच्याकडे पाठवलं.

ती आली तेव्हा हात ओढणीच्या झोळीत गळ्यात बांधलेला. खांद्याचं मांस झडून गेलेलं. तिच्याऐवजी तानाजीच बोलत होता.

"हात कवा हलंल, एवढंच सांगा बाई. दुसरं काय न्हाई."

"मला हलवायचा न्हाई," शालन म्हणाली. "मला ह्यो हात नको हाय. ह्यात इस्तू भरल्यावानी..."

आणि ती मध्येच थांबली. डोळे मिटले, ओठ आत ओढले, कपाळावर घाम आला. मी पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं मान हलवून नको म्हटलं. थोड्या वेळानं डोळे उघडले आणि जिथं थांबली होती तिथूनच पुढं बोलायला लागली, "...इस्तू भरल्यावानी जळतंय. आन् मूठ कुणीतरी आवळतंय. नखं तळव्यात घुसत्यात."

मी तिच्या हाताकडे पाहिलं. बोटं सैल लोंबत होती. मूठ वळलेली नव्हतीच.

तानाजीनं मला बाजूला घेतलं. दार अर्धं लोटून हळू आवाजात म्हणाला, "बाई, एक इच्यारू? हाताला चिमटा काढला तर हिला कळत न्हाई. उदबत्ती लागली, फोड आला, तरी कळलं न्हाई. मग दुखतंय कुठं? आई म्हणती सोंग हाय. म्हशीची धार काढाय बसली, एका हातानं काढती, तर काय सुदिक दुखत न्हाई. कामं संपली, निवांत बसली, की झालं सुरू."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला.

तपासणी सुरू केली. आधी हुकूम नेणारे धागे. अंगठ्याच्या मांसावर पट्टी चिकटवली, मनगटाला वीज दिली. अंगठा हलला नाही, पडद्यावर रेघ सपाट. कोपराला दिली, सपाट. वाढवत वाढवत नेली. एरवी एवढ्या झटक्याला माणूस टेबलावरून खाली उतरतो. शालन छताकडे बघत पडली होती.

"देतासा का न्हाई?" तिनं विचारलं.

मग खबर नेणारे धागे. मधल्या बोटात दोन कड्या अडकवल्या आणि मनगटाला वीज दिली. मी मनातून सपाट रेघच धरून चालले होते. बोट सुन्न आहे, दीड वर्ष सुन्न आहे, तिथं काय येणार?

पडद्यावर उंचवटा आला. नीट, टोकदार, भरपूर उंचीचा. मला वाटलं काहीतरी चुकलं. कड्या काढून पुसून परत घातल्या. परत तोच. दुसरं बोट धरलं. तेच. मग उजव्या, चांगल्या हाताचं बोट तपासलं आणि दोन्ही ग्राफ शेजारी ठेवले. कुठला हात चांगला आणि कुठला सुन्न, हे त्या पडद्यावरून कुणालाही सांगता आलं नसतं.

तानाजीला ग्राफ वाचता येत नव्हता, पण सपाट आणि उंच यातला फरक त्याला एव्हाना समजला होता. तो टेबलाच्या पायथ्यापासून उठून पडद्यापाशी आला.

"आली की! बाई, आली की लाईन! शालन, बग, शीर जिती हाय तुजी!"

शालननं मान वळवून पाहिलं. "मग मला का कळंना झालंय?"

निकाल सांगायचा नाही, ते डॉक्टरांचं काम, हा नियम मी कधी मोडला नाही. त्या दिवशी नियम होता म्हणून बरं वाटलं. कारण तो उंचवटा काय सांगतो आहे हे मला कळलं होतं आणि तानाजीचा चेहरा माझ्यासमोर होता. मी सरांना बोलावलं. त्यांनी स्वतः मानेमागच्या स्नायूत सुई घालून तपासलं, ग्राफ पुन्हा पाहिले, आणि मानेचा एमआरआय करून घ्यायला लावला. आधी झाला होता तो फक्त खांद्याचा. मानेच्या फोटोत मज्जारज्जूच्या डाव्या बाजूला, जिथं मुळं असायला हवीत तिथं, पाण्याचे रिकामे फुगे दिसत होते.

दुसऱ्या खेपेला सरांनी दोघांना समोर बसवलं. मलाही बसायला सांगितलं. कागदावर मज्जारज्जू काढला, मूळ काढलं, मुळावर गाठ काढली.

"नस दोन ठिकाणी तुटू शकते," ते म्हणाले. "गाठीच्या बाहेर तुटली तर बोटाकडचा धागा पेशीपासून सुटतो आणि मरतो. मग लाईन सपाट येते. तुमची इथं तुटली आहे." त्यांनी गाठ आणि मज्जारज्जू यांच्या मध्ये रेघ मारली. "मूळ मज्जारज्जूतूनच उपटून आलंय. गाठ बाहेर शाबूत आहे. तिच्यातली पेशी जिवंत, म्हणून बोटापर्यंतचा धागाही जिवंत. बोटातून निघालेली खबर गाठीपर्यंत येते. पुढं जायला रस्ता नाही."

तानाजी म्हणाला, "पर लाईन चांगली आली न्हवं सर?"

"लाईन चांगली आली, हीच वाईट बातमी आहे, तानाजी. उपटलेलं मूळ परत मज्जारज्जूत लावता येत नाही."

मग सर शालनकडे वळले.

"मला एक सांगा. कामात असलात की दुखणं कमी होतं?"

शालननं आधी नवऱ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखी. मग खाली बघून म्हणाली, "व्हय."

"आणि निवांत बसलं की वाढतं?"

"व्हय."

"मधेच करंट मारल्यासारखी कळ येते, तेवढा वेळ बोलताही येत नाही?"

"व्हय."

"या दुखण्याचं लक्षणच ते आहे. मूळ उपटलेल्या पुष्कळ रोग्यांना असंच होतं. ती मुळं जिथं शिरत होती त्या जागेला आता कुठली खबरच येत नाही. तिथल्या पेशी आपल्याआपण पेटतात आणि मेंदूला वाटतं, हात जळतोय. मन कामात गुंतलं की त्यांचा आवाज जरा दबतो. दुखणं हातात नाहीच. मानेत आहे, मज्जारज्जूत आहे. म्हणून हात कापला तरी ते जाणार नाही. हात जाईल, आग राहील."

शालन रडायला लागली. आवाज न करता, उजव्या हातानं पदर तोंडावर धरून. मला वाटलं हात कायमचा गेला म्हणून रडते आहे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर म्हणाली, "बाई, दीड वर्सांत मला ह्ये कुणी इच्यारलं न्हाई. मला सुदिक वाटाय लागलतं, मीच सोंग करतोय का काय."

आमच्याकडच्या बायका स्वतःला 'करतोय' म्हणतात. बाहेरच्यांना गंमत वाटते. त्या दिवशी मला त्या शब्दात फक्त तिचा थकवा ऐकू आला.

तानाजीची मान खाली होती. मग त्यानं तो प्रश्न विचारला, ज्याची मला धास्ती होती.

"आदी आलो असतो तर?"

डॉक्टर लोक अशा वेळी काहीतरी गुळमुळीत बोलतात. सरांनी तसं केलं नाही. "पहिल्या सहा महिन्यांत आला असता, तर शेजारची एखादी चांगली नस कोपराच्या स्नायूला जोडून बघता आली असती. कोपर वाकलं असतं कदाचित. खात्री नव्हती, पण प्रयत्न करता आला असता. आता स्नायूच झडलाय."

"गाडी मी चालवत हुतो," तानाजी म्हणाला. सरांना नाही, कागदाला म्हणाला. "तेल लावाय मीच न्हेलतो हिला."

शालननं पदर खाली घेतला. नाक पुसलं. "कुत्रं तुमी सोडलतं व्हय रस्त्यात?" ती म्हणाली. "हात हात करून दीड वरीस मला फिरवलासा. मी एकच मागत हुतो, दुखायचं थांबवा. ते आयकायचं सोडून तुमास्नी हातच दिसत हुता. आता तरी आयका."

मला वाटतं, त्या घरात दीड वर्षात बोललं गेलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. तानाजी स्वतःला माफ करायला हात परत यायची वाट बघत होता, आणि त्या वाट बघण्यात तिची आग त्याला दिसत नव्हती. हे मी आज इतकं सोपं लिहिते आहे. त्या दिवशी मी फक्त उठून दोघांना चहा आणला.

औषधं सुरू झाली. काही महिने दिली, बदलून दिली. थोडा उतार, पण कळा थांबेनात. तेव्हा सरांनी पुण्याच्या एका शस्त्रक्रियेबद्दल सांगितलं. मानेतून मज्जारज्जू उघडा करून, मागची मुळं जिथं शिरत होती त्या जागेवर बारीक बारीक डाग देतात, म्हणजे त्या पेटलेल्या पेशी शांत होतात. नाजूक काम. त्या जागेला लागूनच पायाकडे जाणारे धागे असतात. त्यांना धक्का लागला तर डावा पाय अधू होऊ शकतो.

तानाजीनं हात जोडले. "नको सर. हात गेला, आता पाय बी घालवू?"

"हात न्हाई यायचा त्यातनं?" शालननं विचारलं.

"नाही. फक्त दुखणं. आणि तेही पूर्ण जाईल असं मी सांगत नाही."

तिला एक कळ आली, गेली. मग म्हणाली, "लंगडत धार काढता येती. ह्ये घेऊन जगता येत न्हाई. मी जातोय पुण्याला. तुमी येणार काय, तेवढं सांगा."

तो बरोबर गेला.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस आम्हाला काही कळलं नाही. मग एका दुपारी क्लिनिकचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडं कुणीतरी इतकं हळू बोलत होतं की दोनदा 'कोण?' विचारावं लागलं.

"बाई, तानाजी. पुण्यासनं."

"काय झालं? मोठ्यानं बोला की."

"न्हाई बोलता येत," तो कुजबुजला. "झोपलीया. जेवली आन् झोपली. कवाची झोपलीया. मी बाजूला बसलोय. नर्सला बी आत येऊ दिलं न्हाई."

मग फोनमध्ये नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. मीही ठेवला नाही. बाहेर रोगी खोळंबले होते.

दुखणं सगळं गेलं नाही. हवा पालटली की थोडी आग होते, असं ती सांगायची. डावा पाय काही महिने फरफटत होता, मग बराचसा सुधारला. हात तसाच, लुळा, सुन्न. सासूबाई पुढच्या एका तपासणीला सोबत आल्या होत्या. शालनच्या झोळीची गाठ सुटली तेव्हा त्यांनीच ती नीट बांधली.

माझ्या कामाची एक खंत आहे. मी बरं कुणालाच केलं नाही. यंत्र फक्त सांगतं, कुठं तुटलंय. आणि पुष्कळदा सांगतं तेव्हा उशीर झालेला असतो. शालनसारखी माणसं, मोटारसायकलवरून खांद्यावर पडलेली, वर्षानुवर्षं येत राहिली, आणि जवळजवळ सगळी तेल लावून, वाट बघून, वेळ गेल्यावर यायची.

म्हणून एका सोमवारी सकाळी तानाजी जिना चढून आला, त्याच्यामागं गळ्यात हात बांधलेला एक चाळिशीचा गडी आणि त्याची घाबरलेली बायको, तेव्हा मला क्षणभर काही कळेना. गडी सीमेवरच्या गावचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, नाव मल्लाप्पा. तानाजीची त्याच्याशी ना ओळख ना नातं. दुधाच्या गाडीवरच्या माणसानं सांगितलं, अमक्या गावात एकजण खांद्यावर पडलाय, हात उचलत नाही. तानाजी त्याच्या घरी गेला, तेलाची वाटी त्याच्या दारातच होती, आणि त्याला गाडीत घालून आणलं.

"पडून चारच दिस झालेत बाई," तानाजी म्हणाला. "करा तपासणी."

मला हसू आलं. "इतक्या लवकर नाही चालत. तुटलेली नस काही दिवस लाईन दाखवत राहते. तीन आठवड्यांनी आणा."

तीन आठवड्यांनी त्यानं आणलं. मी कड्या अडकवल्या. मल्लाप्पाच्या अंगठ्याच्या बाजूनं रेघ सपाट आली. अगदी सपाट. मल्लाप्पाच्या बायकोनं ती बघितली आणि तिचा धीर सुटला. "अय्यो, सरळ झाली की ती! मेली काय हो शीर?"

मी नियमाप्रमाणे गप्प राहिले. पण तानाजी टेबलाच्या पायथ्याशी उभा होता, आणि त्याला कोण गप्प बसवणार?

"सपाट आली न्हवं?" तो ओरडलाच. "अक्का, रडताईसा कशाला? सपाट चांगली! गाठीच्या भाईर तुटलीया. मुळातनं उपटल्याली न्हाई. जोडता येती! बाई, खरं का खोटं?"

"सरांना विचारा," मी म्हणाले. पण मी हसत होते, आणि ते त्यानं पाहिलं. सरांनीही नंतर तेच सांगितलं, फक्त 'असण्याची शक्यता आहे' असं म्हणून. वेळेत शस्त्रक्रिया झाली. पायातून एक नस काढून तुटलेल्या जागी जोडली. नस वाढते अगदी मुंगीच्या पावलानं, त्यामुळं पुढं वर्षभर नुसती वाट बघणं होतं. या वेळी वाट बघण्यात अर्थ होता.

तोपर्यंत मी निवृत्त झाले होते. यंदा उन्हाळ्यात तिघंजण आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी आले. तानाजी, शालन आणि मल्लाप्पा. गल्लीत पोरांचा फुटबॉल चालला होता, म्हणून खिडकी लावून घेतली. शालननं आणलेला खरवसाचा डबा उजव्या हातानं टेबलावर ठेवला आणि पंख्याखाली बसली. चेहरा भरला होता.

"दाखीव," तानाजी मल्लाप्पाला म्हणाला.

मल्लाप्पानं डावा हात मांडीवर ठेवला. दंडाकडे बघत राहिला, जसं एखाद्या बंद पडलेल्या इंजिनाकडे बघावं तसा. दंडाचा स्नायू थोडा थरथरला. मग कोपर वाकायला लागलं. सावकाश, थांबत थांबत, हात मांडीवरून उठला आणि छातीपर्यंत आला.

तानाजीनं झटकन पुढं होऊन त्याच्या हाताखाली आपले दोन्ही तळवे धरले, पडलाच तर झेलायला. शालन तानाजीकडे बघत होती.

"सोडा की अण्णा," मल्लाप्पा म्हणाला. "माझा मी धरलोय."